करवतीचं कुंकू

वरून कागद आला की आमच्या शाळेत शिकवणं सोडून बाकी सगळं सुरू होतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात असाच एक आला. ‘आगळेवेगळे प्राणी आणि त्यांचे संवर्धन’ या विषयावर मुलांचं प्रदर्शन भरवायचं, फोटो काढायचे आणि अहवाल पाठवायचा. हेडसरांनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि ती माझ्या हातात दिली. विज्ञानाची बाई मी. शाळेत पाल पडली तरी मलाच हाक मारतात.

शाळा बोईसर आणि नवापूरच्या मधे. निम्मी मुलं नवापूरच्या कोळीवाड्यातली आणि निम्मी कुंभवलीच्या चाळींतली, ज्यांचे आईबाप कंपन्यांत कामाला जातात. सातवीच्या वर्गाला मी सांगितलं, वेगळ्या प्राण्यांची माहिती घेऊन या. दुसऱ्या दिवशी टेबलावर चार्टांचा ढीग. वरचा उचलला, पांडा. त्याखालचा, पांडा. मग पेंग्विन, मग कांगारू, मग परत पांडा. सगळे एकाच सायबर कॅफेतून काढलेले. ‘बांबू’च्या जागी ‘बाबू’ छापलेलं, तेही सगळ्यांचं सारखं.

“अरे, पालघर जिल्ह्यात कुठे भेटला तुम्हाला पांडा? कुंभवली नाक्यावर?”

एक जण उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “नहीं मैडम, मोबाइल पे.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, इथलं आणा रे काहीतरी! आपल्या खाडीतलं, आपल्या दर्यातलं, आपल्या डोंगरातलं. मग काय विचारता! एकाने लोणच्याच्या बरणीत निवट्या आणल्या. निवटी म्हणजे चिखलात परांवर चालणारा मासा, दिसायला डोळे वटारलेला, मला तर फार आवडतो. मी खूश होऊन विचारलं, “आता सांग, याचं संवर्धन कसं करायचं?” तो म्हणाला, “बाई, याचं कालवण करायचं.” दुसऱ्या एकीने घरची मांजर आणली, का तर तिचे दोन डोळे दोन रंगांचे. त्या मांजरीने हेडसरांना बोचकारलं आणि ती थेट छपरावर गेली. ते धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेले आणि मी मांजर उतरवायला. संवर्धन म्हणतात ते हेच असावं.

शेवटी मी स्वतःच शिकवायला घेतलं. एक दिवस करवत माशाचं चित्र दाखवलं. भलामोठा मासा, तोंडापुढे लांबलचक पट्टी आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना दात, सुताराच्या करवतीला असतात तसे. मुलांना सांगितलं, हा एके काळी आपल्या किनाऱ्याला येत असे. अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. त्याची करवत जाळ्यात अडकते आणि मग सुटत नाही, म्हणून तो संपत आला. “तुमच्यापैकी कुणी पाहिला नसेल,” असं म्हणून मी पान उलटणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

“बाई, आमच्या घरात तिची करवत हाय.”

ही मुलगी नवापूरची. वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यं बोलली असेल तर शपथ. विचारलं तर उत्तर द्यायची, नाहीतर नुसती बघत बसायची. मला वाटलं, सांगतेय काहीतरी. म्हटलं, “हो का? मग आण उद्या.”

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच घेऊन आली. आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेली, खांद्यावर टाकलेली. रिक्षावाल्याने बसू दिलं नाही, म्हणून नवापूरहून चालत आली होती. साडी सोडली आणि मी बघतच राहिले. माझ्या हातापेक्षा लांब. दोन्हीकडे बोटाएवढे दात, त्यातला एक तुटलेला. बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय, पण असलं काही हातात धरलं नव्हतं.

“आजा म्हनला, बाईंना दाखव. पन पुनवेच्या आत परत आन,” ती म्हणाली.

“हो गं हो. प्रदर्शन झालं की त्याच दिवशी परत.”

पुनव म्हणजे नारळी पुनव, ती अजून तीन आठवडे पुढे होती. पुनवेच्या आतच का, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं. करवतीच्या बुंध्याशी, जिथे ती माशाच्या तोंडाला जोडलेली असते, तिथे काळपट तांबडा थर चढला होता. तेलकट, चिकट, बोटाच्या पेराएवढा जाड. मला वाटलं, चुलीचा धूर आणि वर्षांची घाण. इतकी सुंदर वस्तू आणि ही अवस्था! लोकांना काही किंमतच नसते, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा.

मग पोषण आहाराच्या मावशींकडून तारेचा घासणा आणला, भांड्यांची पावडर आणली आणि नळावर बसले. अर्धा तास घासलं. लाल पाणी वाहत होतं आणि थर काही सुटत नव्हता, तेव्हा चाकूने खरवडला. त्या मुलीला बादली धरायला उभी केली होती. मधेच ती म्हणाली, “बाई, ते...”

“आधी पाणी ओत,” मी म्हटलं.

तिने ओतलं. नंतर नुसती बघत उभी राहिली. करवत लख्ख झाली. मी तिला मुलांपुढे धरून स्वच्छतेवर दोन शब्दही सांगितले. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

प्रदर्शनाच्या दिवशी करवत मधल्या टेबलावर, पांढऱ्या चादरीवर. पांड्यांची रवानगी मागच्या भिंतीवर. पालक येत होते, दातांना बोट लावून बघत होते. हेडसर फोटो काढत सुटले होते. अकराच्या सुमाराला त्या मुलीचा आजोबा आला. काटक म्हातारा, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात छत्री. तो सरळ टेबलाशी गेला. दातांकडे त्याने पाहिलंच नाही. वाकून बुंधा बघितला, बोटाने चाचपला, मग करवत उलटी करून दुसऱ्या बाजूने चाचपला.

“हिचं कुंकू कुटं गेलं?”

मला आधी कळलंच नाही. मी हसत म्हटलं, “आजोबा, फार घाण बसली होती. मी घासून काढली.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं, मला रागाला उत्तर देता येतं. त्याने तिथलीच खुर्ची ओढली, बसला आणि सांगायला लागला, हळूहळू, जणू मीच सातवीत होते.

“मी तवा वीसेक वर्सांचा. जालं वडलं तं ही गुतलेली. जिती होती. सोडवायची तं जालं कापाय पायजे होतं. नवं जालं, बापानं पयल्यांदा माज्या हातात दिलेलं. मी नाय कापलं. हिला मारली.” त्याने छत्री मांडीवर आडवी ठेवली. “किनाऱ्याला आनून पोट फाडलं तं आत पिल्लं. सात. हलत होती. ती मी पान्यात नेऊन सोडली. जगली का मेली, दर्याला ठाव. तवापासून एक नाय गावली. मला नाय नि गावात कोनालाच नाय.”

त्याने करवतीवर हात ठेवला.

“लेकुरवाली बाय होती, बाई. मी मारली. मंग निदान कुंकू तरी नको? दर पुनवेला आदी हिला कुंकू लावतो, मंग दर्याला नारल देतो. येवड्या वर्सांचं होतं ते.”

येवड्या वर्सांचं. आणि मी ते तारेच्या घासण्याने गटारात घालवलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी मान फिरवली. बघितलं तर ती मुलगी चादरीचं टोक धरून उभी होती, नळावर उभी होती तशीच. तिला माहीत होतं. मी तिला सांगू दिलं नव्हतं.

आजोबाच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. पुनवेला पयल्यापासून लावीन. आज घरी नेतो.”

तो ती घरी घेऊन गेला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण हेडसरांना फोटो ग्रुपवर टाकण्याची कोण घाई! ‘आमच्या शाळेचे मुख्य आकर्षण’, खाली टाळ्या वाजवणारे हात, गावाचं नाव, आणि मुलीचं नावसुद्धा! पंधरा मिनिटांत माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. बाई, हा मासा वाघाच्या बरोबरीने संरक्षित आहे, त्याचा कुठलाही भाग घरात ठेवणं गुन्हा आहे, वनखात्याला कळवा.

झालं! जो तो शहाणा. हेडसर म्हणाले, “खाडीत टाकून द्या, विषय संपला.” क्लार्क म्हणाला, “पुरून टाका.” एक पालक म्हणाला, प्लायवूडची आहे म्हणून सांगायचं. मी ओरडले, “महिनाभर या पोरांना प्राण्यांचे कायदे शिकवतेय आणि आता त्यांच्यासमोर खाडीत टाकू?” हेडसर म्हणाले, “मग मुलांना बाहेर पाठवा.” कपाळ माझं!

शेवटी मीच आजोबाला सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं, म्हातारा भांडेल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे आता हिला मारली तं सरकार पकडतं?”

“हो.”

“बरं करतं,” तो म्हणाला. “आदीच करायला पायजे होतं. न्या तिला. पन पुनवेला कुंकू लागलं पायजे. तेवडं नाय केलं तं मी दर्याला नारल देनार नाय नि माज्या पोराची होडी पान्यात जानार नाय.”

“लागेल,” मी म्हटलं. “माझी जबाबदारी.” मला वाटलं, त्यात काय एवढं!

वनखात्याचा अधिकारी तरुण होता, बोलायला नीट. करवत स्वतः आणून दिलीत म्हणून आजोबाला त्रास होणार नाही, असं त्याने सांगितलं आणि ते पाळलं. लांबी मोजली, दात मोजले, तुटलेला दात वेगळा लिहिला, सह्या घेतल्या. करवत बोईसरच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात गेली. मी कुंकवाबद्दल बोलायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं, पण तो लिहीत होता. म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

नारळी पुनवेला शाळेला सुट्टी, कचेरीला नाही. सकाळी नवापूरला जाऊन आजोबाकडून कुंकवाची डबी घेतली, मुलीला स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले. खड्डे, ट्रक, कंपनीच्या बसगाड्या. नाक्यावर पाऊण तास अडकलो. कचेरीत पोचलो तर साहेब दौऱ्यावर. बाकावर बसून राहिलो. दोन वाजता तोच तरुण साहेब आला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि डोकं खाजवलं.

“मॅडम, ती आता सरकारी नमुना आहे. त्यावर काही लावता येणार नाही.”

“एक बोट कुंकू हो!”

“पुढे तपासणीला जाणार आहे. तिकडे विचारतील, हे लाल काय आहे. मी काय लिहू?”

“कुंकू म्हणून लिहा.”

“तसा रकाना नाही.”

मी भांडले, विनवण्या केल्या, मग पुन्हा भांडले. माझा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. तो माणूस वाईट नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. नमुन्याला हात लावायचा नाही, हे मीच तर मुलांना शिकवते. आणि जे मी कुणाला न विचारता अर्ध्या तासात खरवडून काढलं, ते लावायला आता मला परवानगी मिळत नव्हती.

परत निघालो. नवापूरच्या किनाऱ्यावर मिरवणूक होऊन गेली होती, बँड थांबला होता, होड्यांवर पताका ओल्या होऊन लोंबत होत्या. सगळ्यांचे नारळ समुद्रात गेले होते. एका होडीपाशी आजोबा उभा होता, नारळ हातात. त्याचा मुलगा लांब जाऊन बसला होता, तोंड फिरवून. बायका कुजबुजत होत्या. सगळं घर त्या म्हाताऱ्यासाठी अडून बसलं होतं आणि म्हातारा माझ्यासाठी अडून होता.

त्याने विचारलं, “लावलं?”

मी म्हटलं, “लावलं, आजोबा.”

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नसेन. वाटलं, द्या बाबा तो नारळ एकदाचा, जाऊ दे होडी पाण्यात, सुटू दे मला. मुलीकडे मी बघितलंच नाही.

आजोबाने माझा उजवा हात धरला. उलटा केला, बोटं बघितली, करंगळीशेजारचं बोट नीट बघितलं. कुंकू लावलं की ते बोट दिवसभर लाल राहतं, हे मला का सुचू नये! माझी बोटं स्वच्छ होती. पाणी आणि साबण यांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

त्याने मला माझ्या पर्समधून कुंकवाची डबी काढायला लावली, नातीकडून तेल मागवलं, दोन्ही कालवलं आणि माझं तेच बोट पेरापर्यंत त्यात बुडवलं.

“आता जा,” तो म्हणाला. “मी उबा हाय.”

पावणेपाच वाजले होते. कचेरी सहाला बंद. असं बोट घेऊन स्कूटी कशी चालवणार! ती तिथेच ठेवली आणि शेअर रिक्षात घुसलो. आत पाळी संपवून निघालेले कामगार खच्चून भरलेले. मी एक बोट वर धरून बसलेली, बाहेरून पावसाचे तुषार येत होते, आणि ती मुलगी दोन्ही हातांचा आडोसा करून माझं बोट झाकत होती. एका माणसाने कळवळून विचारलं, “मैडम, उंगली कट गई क्या? मशीन में आ गई?” मी म्हटलं, “हाँ, वैसा ही कुछ.” त्याने स्वतः अर्धं बाहेर लोंबकळत मला नीट बसायला जागा दिली.

कचेरीत पोचलो तेव्हा साहेब टेबल आवरत होता. मला बघून त्याचा चेहरा पडला. मी भांडले नाही. माझ्यात भांडण उरलंच नव्हतं. मी म्हटलं, “साहेब, मी त्या म्हाताऱ्याशी खोटं बोलले. त्याला कळलं. तो पावसात उभा आहे, होडी अडून बसलीय. आणि या करवतीचं कुंकू पुसणारी मीच आहे, दुसरं कुणी नाही.”

त्याने माझ्या बोटाकडे बघितलं, मग मुलीकडे. ती नेहमीसारखीच बघत उभी होती. तो खुर्चीत परत बसला. मग म्हणाला, “तुम्ही घासलं म्हणालात. म्हणजे पंचनामा व्हायच्या आधी त्यावर कुंकू होतं?”

“बोटाच्या पेराएवढा थर होता.”

“मग ते मुळातलंच,” तो म्हणाला. त्याने फाईल उघडली आणि एक ओळ लिहिली. ‘बुंध्याशी कुंकवाची खूण, मूळ बाळगणाऱ्याने लावलेली.’ मग किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

करवत आडवी ठेवली होती, दोरीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. बुंधा पांढराफटक, त्यावर चाकूचे ओरखडे दिसत होते, माझे. मी बोट पुढे केलं. तशी ती मुलगी माझ्या कोपराशी आली. वर्षभर न बोललेली पोर, पण आता तिने मला थांबवलं.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “आता घासू नका हां. नुसतं लावा.”

मी नुसतं लावलं.